मुरब्याची वासंती

वासंती गेल्याचं तिच्या भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी चहा गाळत होते. "झोपेतच गेली," तो म्हणाला. मी "अरे देवा" म्हटलं, पण मनात आधी आलं ते वेगळंच… आता माझी तिच्याशी तुलना व्हायची नाही. या गोष्टीला महिना होत आला. ती लाज अजून गेलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

मुरबे गावात, समुद्राच्या किनाऱ्यावर आम्ही सहा जण वर्षभर एका घरात राहिलो. तीन चित्रकार, तीन शास्त्रज्ञ, स्वयंपाकाच्या पाळ्या, एकच मोठं जेवणाचं टेबल. वासंती समुद्रातल्या गोगलगायी आणि खेकड्यांचा अभ्यास करायची. मी समुद्र रंगवायचे. माझी चित्रं भिंतभर, तिची वहीच्या पानाएवढी, पेन्सिलीतली. तरी गावातल्या बायका ओहोटीला खेकडे वेचून परतताना तिच्याच खिडकीशी थांबायच्या. जनाबाई तर रोज. एकदा त्या पानावरच्या खेकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही आमची चिंबोरीच हाय. हिचा एक नांगा लहान, त्यो पन बराबर काडलाय तुमी." माझ्या चित्रापुढे त्या एकदाच उभ्या राहिल्या होत्या. "मोटं हाय," एवढंच म्हणाल्या.

मालकाला जागा परत हवी होती. शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळ्यांचं काम मांडलं, आणि मुंबईहून एका कलादालनाचे गृहस्थ आले. माझ्या चित्रांवरून त्यांची नजर भराभर फिरली आणि वासंतीच्या पानांपाशी थांबली. बराच वेळ. "हे कुणाचं?" त्यांनी विचारलं. वासंती स्वयंपाकघरात होती. मी म्हणाले, "त्या नुसत्या नोंदी आहेत हो. ती शास्त्रज्ञ आहे, चित्रं दाखवणं तिला आवडत नाही." ते पुढे सरकले. जाताना माझी दोन चित्रं निवडून गेले.

वासंतीनं दारातून ऐकलं होतं. संध्याकाळी माझे कॅनव्हास बांधायला तीच आली, सुतळीची गाठ मारता मारता म्हणाली, "आवडत नाही असं मी कधी म्हटलं गं, सुनंदा?" मी कॅनव्हासची कड धरून ठेवली. "असू दे. बोट ठेव इथे, गाठ सैल होतेय." दुसऱ्या दिवशी रिक्षातून बोईसर स्टेशनपर्यंत ती माझं सामान मांडीवर घेऊन बसली. ती भांडली असती तर मी सुटले असते. त्या मोठेपणाचाही मला हेवाच वाटला. नंतर अधूनमधून फोन व्हायचे, पण माफी मागायचं राहूनच गेलं…

गेल्या आठवड्यात जनाबाईंना सांगायला मुरब्याला गेले. त्या खडकांवर होत्या. ऐकून तिथेच बसल्या, पदर तोंडाला लावून रडल्या. मला आलं नव्हतं तसं रडू. मग उठून पुन्हा चिंबोऱ्या शोधू लागल्या. दगड उचलायच्या, खाली बघायच्या आणि दगड होता तसा अलगद परत ठेवायच्या.

"वासंतीबाईंनी लावली सवय," त्या म्हणाल्या. "खाली बारक्या जीवांचं घर हाय. उगडं टाकायचं नाय. आता सगल्याच बाया असंच करतात."

मीही एक दगड उचलला, परत ठेवला.

"असा नाय," जनाबाई म्हणाल्या. "बाई बराबर ठेवायच्या." आणि वाकून त्यांनी माझा दगड फिरवून नीट बसवला.