कॉकॉ, कॉकॉ, कॉकॉ

घानातल्या टेचिमानच्या बाजारामागच्या गल्लीत मास्टर आसिआमांचं दुकान आणि माझं शिवणकामाचं दुकान समोरासमोर. मी कुणाच्या कामात नाक खुपसत नाही असं म्हणाले तर सगळी गल्ली हसेल, म्हणून तसं म्हणत नाही.

मास्टर जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. बनवणाऱ्या कंपन्या कधीच बंद पडल्या, तारांच्या जोडणीचे नकाशे कुठे शोधूनही मिळत नाहीत, असली डबडी त्यांच्याकडे यायची. नकाशा नसला की मास्टर आतली तार न् तार तपासून तो स्वतःच वहीत काढायचे. शेजारी बायको आफ्रिये बसायची. रेझिस्टरवर रंगीत पट्टे असतात, त्यांवरून त्याचा आकडा कळतो. मास्टरांना लाल, तपकिरी, हिरवा सगळे सारखेच दिसतात. तेव्हा पट्टे वाचायचे आणि लिहायचे तिने. त्यासाठी बाजारातला कंदांचा चालता गाळा बहिणीला देऊन ती एकतीस वर्षं तिथे बसली. "मी उठले की हा माणूस एखाद्या चर्चला आग लावील," असं म्हणायची, आणि म्हणताना अभिमानानं फुगायची.

फेब्रुवारीत ती गेली. त्यानंतर मास्टर दार अर्धंच उघडत. गिऱ्हाईक आलं की "नकाशा मिळत नाही" म्हणून परत पाठवत. सगळं विकून इकडे या, असा अक्राहून मुलीचा रोज फोन. ते गेले असते तर समोरच्या कुलपाकडे बघत मला शिवत बसावं लागलं असतं. मला ते नको होतं, स्पष्टच सांगते.

म्हणून चर्चच्या गायकमंडळाचे बादू शनिवारच्या अंत्यविधीसाठी त्यांचा म्हातारा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले, तेव्हा मीच मध्ये पडले.

"याचा नकाशा वहीत आहे, मास्टर. आफ्रियेनं माझ्यादेखत लिहिलाय."

"डुफिये, तू तुझी कात्री चालव."

"ती चालतेच आहे. तुमचं काय चाललंय?"

बादू खाली मान घालून हसले. मास्टरांनी डबा ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. असं कधी झालं नव्हतं. समोर वही उघडी होती. अ‍ॅम्प्लिफायरमधला एक रेझिस्टर जळून कोळसा झालेला, पट्टा म्हणून एक उरला नव्हता. नकाशात त्याच्या शेजारी आफ्रियेचं गोल अक्षर: कॉकॉ, कॉकॉ, कॉकॉ.

"यातला लाल कुठला आणि नारिंगी कुठला?"

आमच्या भाषेत दोन्हींना शब्द एकच, कॉकॉ. बोलताना आफ्रिये टोमॅटोचा कॉकॉ, पामतेलाचा कॉकॉ असं सांगायची. लिहिताना तेवढं कशाला लिहील? ती शेजारीच तर होती.

"मला काय कळणार, मास्टर? आठ तऱ्हांनी वाचता येईल हे."

"आठ," ते म्हणाले. त्या तीन शब्दांवरून त्यांनी बोट फिरवलं. "तेव्हा विचारून ठेवायला हवं होतं."

तिच्या वहीसमोर त्यांना एकटं सोडून जायची हिंमत होईना, म्हणून तिथेच उभी राहिले.

त्यांनी खोक्यातला एक रेझिस्टर उचलला, त्याला मीटरच्या सुया लावल्या, आकडा बघून बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. त्यातला एक जागेवर डागला, बटण दाबून इकडेतिकडे मोजलं, मान हलवून काढला. दुसरा डागला, तोही काढला. तिसऱ्या खेपेला अ‍ॅम्प्लिफायरची घरघर थांबली आणि त्याला जोडलेल्या रेडिओवरची बाई हवामान सांगू लागली, अगदी स्वच्छ.

माझा जीव भांड्यात पडला. "बघा, जमलं की." आणि मग डोक्यात आलं. "पण मास्टर, पट्टे न वाचता तुम्हाला आकडा कळला कसा?"

"मीटर सांगतो."

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि आफ्रियेला?"

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ती गाळ्यावर निघून गेली असती."

"एकतीस वर्षं, मास्टर!" मी म्हणाले.

मास्टरांनी मीटर बंद केला. "नकाशे मिळत नव्हते असं नाही, डुफिये," ते म्हणाले. "तिच्यावाचून मला जमतं, हे मला बघायचं नव्हतं."