पार्वतीवैनीच्या गावात तपासणीची गाडी

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे पेडण्यात शिरले, तेव्हा शेतांवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. धारगळला हायवेच्या कडेला सुमती वाट पाहत उभी होती. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. आता ती नर्स आहे आणि स्तनांच्या कॅन्सरची मोफत तपासणी करणाऱ्या एका संस्थेच्या गाडीतून गावोगाव फिरते. डिचोलीकडचा बंद पडलेल्या खाणीचा गाव बघायचा असेल तर ये, गाडीत जागा आहे, एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

टपरीवर पातळभाजी आणि गरम उंडे (जाड कवचाचे गोल पाव) खाल्ले. टपरीवाल्याने कुठे निघालात म्हणून विचारलं. गावाचं नाव ऐकून तो कप विसळता विसळता म्हणाला, "थंयच्यो बायलो येवच्यो नात." (तिथल्या बायका येणार नाहीत.)

डिचोली मागे पडल्यावर रस्ता एकदम रुंद झाला. खाणीच्या ट्रकांसाठी केलेला. त्यावर आता आमच्याशिवाय एकही वाहन नव्हतं. दोन्ही बाजूंना मातीचे लाल डोंगर, त्यांवर वाळलेलं गवत. एका वळणावर खाणीचा खड्डा दिसला. काठोकाठ भरलेलं हिरवं पाणी, आणि वारा असूनही त्यावर तरंग नव्हता. ड्रायव्हरने तिथे न सांगताच रेडिओ बंद केला.

गावात शिरताच गाडीवरचा भोंगा सुरू झाला आणि दारं मिटू लागली. आदळली नाहीत, एकामागून एक, हळूच. एका घरात तव्यावर मासा चुरचुरत होता, दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. आम्ही हाका मारल्या. मासा करपायला लागला तेव्हा सुमतीनेच गॅस बंद केला.

मग तिने सगळं सांगितलं. ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा सुमती तिच्यावर नव्हती. त्या वेळी पार्वती नावाच्या बाईच्या छातीत गाठ सापडली. आजार आधीच पसरला होता. पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही. तेव्हापासून गावात बोलतात की गाडी रोग शोधत नाही, घेऊन येते. शिवाय खाणीमुळे सिंधुदुर्गातून इथे येऊन राहिलेल्या घरांची विम्याची कार्डं पलीकडची, महाराष्ट्राची; इथे गोव्यात ती चालत नाहीत. उपचार कुठे मिळतील हेच ठाऊक नाही, तर कळून करायचं काय, असं त्या बायका विचारतात. त्यांच्यातल्याच शेवंतीने आपल्याला गाठ असल्याचं अंगणवाडीच्या बाईंना सांगितलं होतं आणि गाडी येणार कळल्यावर ती दिसेनाशी झाली होती.

शेवंतीला शोधायला सुमती एका वाटेने गेली, मी दुसऱ्या. पडवीत बसलेले एक म्हातारबा मला पाहून उठले आणि हात जोडून उभे राहिले. पुढे एका बाईने मला पाहिलं आणि मुलाला पदराखाली घेऊन आत गेली. माझ्या साडीला काही लागलंय का, म्हणून मी पाहून घेतलं.

भर दुपारी खाणीच्या पाण्याशी एक बाई बसलेली दिसली. माझ्याकडे पाहून ती जराही दचकली नाही.

"पार्वतीवैनी, माका न्हेवक इलंस?" (मला न्यायला आलीस?)

हो म्हटलं असतं तर ती त्या क्षणी उठून मागोमाग आली असती, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण मी म्हटलं, "मी पार्वती नाही. कोल्हापूरची आहे, सुमती नर्सची मैत्रीण."

तिने माझं मनगट धरून पाहिलं. "हात गरम आसा," असं स्वतःशीच म्हणाली आणि रडू लागली.

ती शेवंतीच होती. पार्वतीच्या कपाळावर माझ्यासारखीच पांढरी बट होती, चालही अशीच, असं तिने सांगितलं. दोघींचे नवरे खाणीवर ट्रक चालवायचे, खोल्या भिंतीला भिंत लागून. पार्वतीचं शेवटचं न्हाणं शेवंतीनेच घातलं होतं. गाठ तिलाही त्याच बाजूला लागत होती, चवथीपासून (गणेश चतुर्थीपासून).

"माजां कार्ड पलीकडचां. कळान तरी काय करू?"

मीही ही तपासणी कधी करून घेतलेली नाही आणि मलाही भीती वाटते, एवढं खरं तिला सांगितलं. "चल, आधी मी आत जाते."

आम्ही गावातून चालत आलो. तिने माझा हात सोडला नाही. दारं बोटभर उघडत होती, फटींतून डोळे दिसत होते. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

माझ्यात काही निघालं नाही. शेवंतीच्या वेळी सुमती एकाच जागी पुन्हापुन्हा यंत्र फिरवत राहिली.

मी कोल्हापूरला परतल्यावर पुढचं फोनवर कळत गेलं. कॅन्सरच होता, पण पसरलेला नव्हता. सुमतीने कितीतरी ठिकाणी विचारलं. अखेर पलीकडे महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात शेवंतीचं कार्ड चाललं. ऑपरेशन झालं, आता ती बहिणीकडे आहे, पेज जेवते.

गावातल्या बायका सध्या आपणहून गाडीशी येतात. पार्वतीवैनीने शेवंतीला हाताला धरून नेलं आणि जिवंत आणून सोडलं, असं त्या सांगतात. ती परत कधी येणार, असंही विचारतात. सुमतीने अजून त्यांची समजूत मोडलेली नाही. काय करू, म्हणून मला विचारत होती. मी पार्वती नाही, हे शेवंतीला सांगितलं तसंच त्यांनाही सांगावं लागेल, आणि ते मीच सांगायला हवं. मी जाणार आहे. पहिल्या दारात उभी राहून माझं नाव सांगणार आहे. ते ऐकल्यावर किती दारं उघडी राहतील, ते मात्र मला माहीत नाही.