प्रार्थनेत माझा नंबर शेवटचा

डॉक्टरसाहेबांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि सांगितलं, "डावी किडनी गेली. खड्यानं लघवीची वाट अडवली, मागे पू साचला. काढावीच लागेल."

मी करुणाकडे पाहिलं. करुणा माझी बायको. असं काही ऐकल्यावर बाईमाणूस नवऱ्याकडे बघतं, त्याचा हात धरतं, निदान रडतं. तिने डोळे मिटले होते. ओठ हलत होते. म्हणजे माझी किडनी गेल्याची खबर तिने आधी प्रभूला दिली, आणि तिचं बोलणं संपायची वाट पाहत मी शेजारच्या स्टुलावर बसून राहिलो.

हा अनुभव मी लिहितो आहे तो किडनीच्या रोग्यांसाठी, आणि ज्यांच्या बायकांनी देवाला खरोखर पहिली जागा दिली आहे अशा नवऱ्यांसाठी. मला ही दोन्ही दुखणी एकाच वेळी झाली होती.

माझे वडील नागपुरात मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. सरकारी कचेरीत माझं स्वतःचं टेबल होतं आणि लोक मला साहेब म्हणत. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, मी ते मेहनतीनं मिळवलं. करुणा कळमेश्वरकडची, सातवी पास. लग्न ठरलं तेव्हाच ती म्हणाली होती, "घरात तुमी दुसरे, हे आधीच सांगून ठेवतो." मी हसलो होतो. नवरदेव हसतोच.

पुढे हसू आटलं. सकाळी तिचं वाचन आणि प्रार्थना होईपर्यंत मला चहा नाही. रविवारी पाहुणे दारात उभे राहिले तरी उपासना आधी. मीही ख्रिस्ती आहे, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जातो, गीतं पाठ आहेत. पण देवाला पहिली जागा देणं हे मला देवळात ऐकायला बरं वाटायचं. घरात ती जागा माझ्या पुढ्यातून उचलून दिली जात होती.

दुखण्याची सुरुवात साधी झाली. कमरेच्या डाव्या बाजूला ठणका. मला वाटलं, सायकल आणि कचेरीची खुर्ची. मग थंडी वाजून ताप यायला लागला. मी मलेरियाच्या गोळ्या खाल्ल्या. लघवी गढूळ व्हायला लागली तेव्हा करुणाने मला रिक्षात घातलं.

दवाखान्यात आधी ब्लड युरिया पाहिला. किडनीनं गाळून टाकायची घाण रक्तात किती उरली ते त्यातून कळतं. माझा वाढलेला होता. मग आय.व्ही.पी. केली. हाताच्या शिरेतून औषध सोडतात आणि ते किडनीतून खाली उतरताना फोटो घेतात. फोटोत उजव्या बाजूला झाडाच्या फांद्यांसारखं पांढरं उमटलं होतं. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. किडनीत पू होतो त्याला पायोनेफ्रोसिस म्हणतात, आणि ती काढून टाकण्याला नेफ्रेक्टमी. केसपेपरवरचं इंग्रजी मी स्वतः वाचलं. वाचून फायदा झाला नाही, भीती तेवढी वाढली.

डॉक्टरसाहेब स्पष्ट बोलणारे होते. "ताप उतरल्याशिवाय हात लावता येत नाही. विष रक्तात पसरलं तर थांबताही येत नाही. उजवी किडनी सगळा भार घेईल असं वाटतं. पण वाटतं एवढंच म्हणतो मी."

मग वॉर्डातले दिवस सुरू झाले. सकाळी काचेच्या सिरिंज उकळल्याचा वास, मग इंजेक्शन, मग ताप पाहणं, मग चार वाजण्याची वाट. चार वाजता भेटायला माणसं सोडत.

शेजारच्या खाटेवर कुहीकडचे रामटेके होते. धानाची शेती, वयानं मोठे, लघवीसाठी नळी लावलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मी बौद्ध माणूस. देवबिव मानत नाई. पन गप्पा मारतो." तापात गप्पा ऐकायची माझी इच्छा नव्हती. ते मारत राहिले.

चार वाजता बाकीच्या बायका आत आल्या की तडक आपल्या माणसाच्या कपाळाला हात लावायच्या. करुणा डबा ठेवायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि प्रार्थना करायची. आधी प्रभूची स्तुती, तीही सावकाश. मग डॉक्टरसाहेब, मग सिस्टर. मग वॉर्डातला एकेक रोगी, नावानिशी, कोणाला काय झालं त्यासकट. मग रामटेके आणि त्यांची नळी. आणि सगळ्यात शेवटी, डब्यातली खिचडी थंड झाल्यावर, माझं नुसतं नाव. लगेच आमेन.

मला किती लागलं ते सांगतो. देवाशी माझी बरोबरी नव्हती, तेवढी अक्कल मला होती. पण रामटेक्यांच्या नळीच्याही मागे माझा नंबर? तिच्या लेखी माझं दुखणं एका नावापुरतं होतं. डोळे उघडे ठेवून मी तिचा चेहरा पाहायचो. तिथे जी शांती असायची ती माझ्याशी बोलताना मी कधी पाहिली नव्हती, आणि खोटं कशाला सांगू, मला त्या शांतीचा राग यायचा. तो कोण आहे, ज्याच्याशी ही असं बोलते? त्याला ताप नाही, त्याचा युरिया वाढत नाही.

एका रविवारी सकाळीही भेटायची मुभा होती. त्याच सकाळी मला हुडहुडी भरली, खाट हलायला लागली. सिस्टर धावली, घोंगड्या टाकल्या, इंजेक्शन दिलं. करुणा आली ती उपासना आटोपून, फाटक बंद व्हायच्या बेताला.

मी घरी शुद्ध बोलतो. रागावलो की वडिलांची भाषा येते. "काहून आली वं आता? मी मेलो असतो तं?"

"मेले नाई ना," ती म्हणाली आणि घोंगडी नीट केली. "तुमच्याचसाठी गेली होती मी."

"माझ्यासाठी इथं येतात. तिथं नाही."

रामटेके म्हणाले, "बाबूजी, सवतीवर जळावं तसे जळून राहिले तुमी."

मी भिंतीकडे तोंड केलं. ते खरं होतं. त्या सवतीशी भांडताही येत नव्हतं.

शेवटी ताप उतरला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "उद्या सकाळी घेऊ. टेबलावर काय होईल ते उद्याच कळेल. आज घरच्यांशी बोलून घ्या."

त्या दिवशी चार वाजता करुणाने डबा ठेवला, पदर घेतला. मी म्हणालो, "आज माझं नाव आधी घे."

"असं काहून?"

"उद्या माझी कूस फाडणार आहेत, रामटेक्यांची नाही. एक दिवस मी पहिला. एवढंही नाही होत?"

रामटेके कुशीवर वळले. "घे वं बाई, घे त्यायचं आधी. मी थांबतो. मले कुठं जा लागते, नळी लावून हाये."

करुणाने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले. "प्रभू," ती म्हणाली, "हे माहे..." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "प्रभू, यायले..." आणि पुन्हा थांबली. तिने खाटेची लोखंडी कड धरली. ती तिसऱ्यांदा सुरू झाली आणि माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर तिचा आवाज गेला. तोंडात पदर कोंबून ती स्टुलावर बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली.

"नाई जमत मले," ती म्हणाली. "तुमचं नाव आधी घेतलं का पुढचं काहीच सुचत नाई जी. म्हनून तं शेवटी ठेवतो."

रामटेके म्हणाले, "मंग तुमच्या रीतीनं करा ना बाई, पन लवकर करा. नाई तं आज आमचा सगळ्यायचाच नंबर जाईन."

सिस्टर दाराशी उभी होती. तिने कोणाला बाहेर काढलं नाही. करुणा उठली, तोंड पुसलं आणि स्तुतीपासून सुरू झाली. चार शब्द झाले आणि तिचा आवाज सावरला. त्या आवाजाच्या आधारानं ती डॉक्टरसाहेबांपर्यंत आली, सिस्टरपर्यंत, रामटेक्यांपर्यंत. मग माझं नाव. नुसतं नाव, लगेच आमेन. रोजच्याइतकंच. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यासोबत आमेन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी किडनी काढली. शुद्धीवर आलो तेव्हा कुशीत नळी होती आणि दुखणं असं की नको. डॉक्टरसाहेबांनी खाली लावलेल्या बाटलीतली लघवी पाहिली आणि प्रथमच हसले. "उजवी काम करते आहे. एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य काढतो." देवाचे आभार मानतो, त्यांचेही मानतो.

टाके निघाले, घरी जायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते तुमच्याही कामाचं आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या. लघवी अडवून धरू नका. कमरेत ठणका आणि थंडी-ताप एकत्र आले तर आपल्या मनानं गोळ्या खाऊ नका, बी.ए. असलात तरी.

जळणं पूर्ण गेलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सकाळचा चहा अजून उशिराच मिळतो आणि अजून थोडं टोचतं. पण ती पहिली जागा माझ्याकडून हिसकून घेतलेली नव्हती. त्या जागेचा आधार घेऊनच ती मला पेलत होती, आणि तो भार हलका नव्हता.

दवाखान्यातून सुट्टी होण्याच्या आदल्या दिवशी चार वाजता करुणाने पदर घेतला. स्तुती झाली, डॉक्टरसाहेब झाले, सिस्टर झाली. रामटेके झाले, त्यांनी डोळे मिटले होते, झोप लागली म्हणाले नंतर. त्यांच्या पलीकडच्या खाटेवर सकाळीच एक नवा रोगी आला होता. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. ती अडली.

मी पडल्यापडल्या हळूच सांगितलं, "नत्थूजी."