आईचं मनात वाचणं

झाला एकदाचा आईचा पेपर! दोघी इतक्या थकलोय ना, बोलायलासुद्धा दम नाही. तरी सांगतेच.

आई सरकारी ऑफिसात अटेंडर आहे, म्हणजे शिपाईच. क्लार्क व्हायचं तर इंग्लिशच्या पेपरात पास व्हावं लागतं. उतारा वाचा, उत्तरं लिहा. रिटायरमेंटच्या आधी हा तिचा शेवटचा चान्स.

शिकवणार कोण? मीच. हिमायतनगरहून ड्यूटी करून यायचं आणि बसायचं. शब्दांच्या चिठ्ठ्या फ्रिजवर, डाळीच्या डब्यांवर चिकटवल्या. आई रात्री पाठ करायची, सकाळी सगळं साफ!

त्यात ती मनात वाचायचीच नाही. पावसाळाभर आमच्या विहारात ग्रंथ तीच वाचते. थोडं मोठ्यानं वाचायचं, थांबायचं, समोर बसलेल्यांना अर्थ सांगायचा, मग पुढे. इंग्लिशलाही तेच.

"आई, मनात वाच ना. हॉलमधून बाहेर काढतील."

"मनात वाचलं की सांगू कुणाला?"

एका संध्याकाळी माझ्यात जीवच नव्हता. म्हटलं, वाच बाई तुला हवं तसं, आणि सतरंजीवर आडवी झाले. कारखान्याच्या पाण्यानं तलावातले मासे मेले, असा काहीतरी उतारा होता. तिला अर्धे शब्द येत नव्हते. तरी थांबून म्हणाली, "मालकाला आधीच माहीत होतं बघ. म्हणून गप्प बसलाय."

मी उठूनच बसले. प्रश्न विचारले, सगळे बरोबर!

चिठ्ठ्या काढून टाकल्या. मग रोज मी आडवी, ती वाचणार. माझा डोळा लागला की परत पहिल्यापासून! हळूहळू तिनं आवाज बंद केला, नुसती माझ्याकडे बघून थांबायची. म्हटलं, "हॉलमध्येही मी समोर आहे असं समज."

परवा सेंटरच्या गेटवर तिला घ्यायला गेले. चेहरा पार उतरलेला.

"कसा गेला?"

"उतारा मस्त होता गं."

बसमध्ये सांगायलाच लागली. एक म्हातारा घड्याळं दुरुस्त करायचा, दुकान विकायला काढलं, पण आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकात खोट काढायचा. अफझलगंज आलं तरी चालूच.

"आणि प्रश्न?"

"शेवटचा राहिला. टाइम संपला."

"कायकू?"

"तू मधेच झोपली. परत पहिल्यापासून वाचावं लागलं."

निकाल कधी लागतो कुणाला माहीत. डोकं तिच्या खांद्यावर टाकलं, डोळे मिटले.

"झोपली का?"

"नाही गं. मग विकलं का नाही त्यानं दुकान?"

"तेच विचारलं होतं शेवटी," आई म्हणाली, आणि मला उत्तर सांगायला लागली.