बटवरचा माणूस

रायफलचा बोल्ट पुढे सरकवून मी काडतूस चेंबरमध्ये घातलं आणि शेवटचं एकदा टार्गेट बघावं म्हणून दुर्बिणीला डोळा लावला. चार नंबरच्या टार्गेटच्या खाली, भिंतीच्या कडेवर, एक हात आला. हातात चाळणी होती. हाताने चाळणी दोनदा आपटली आणि तो परत खाली गेला.

मी ट्रिगरपासून लांब ठेवलेलं बोट आणखी लांब नेलं.

ईरा, नील, परवा फोनवर तुम्ही मला विचारलंत की आजीने कधी माणसावर बंदूक रोखली आहे का. तिकडे तुमच्या गल्लीतल्या कुणीतरी गॅरेजमधून सायकल चोरून नेणाऱ्यावर पिस्तूल रोखलं, म्हणून तुमच्या घरी बराच वाद झाला होता. फोनवर मी फक्त "नाही" म्हटलं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. म्हणून हे लिहिते. मराठीतच लिहिते. अडलं तर आईला विचारा.

तुम्हाला माहीत आहे की शाळेतल्या पी.टी. टीचरच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर मी पेठ रोडवरच्या एका रायफल क्लबमध्ये कोच झाले. क्लब छोटा आहे. एक पत्र्याची शेड, तिच्यात सहा जणांना आडवं पडून नेम धरता येईल एवढी जागा. तिला फायरिंग पॉइंट म्हणतात. समोर पन्नास मीटरवर टार्गेटच्या चौकटी, त्यांच्या पायाशी कमरेएवढी भिंत, आणि मागे मातीचा उंच बांध. या बांधाला बट म्हणतात. टार्गेटमधून आरपार गेलेली गोळी बटच्या मातीत रुतून बसते. आमच्या गोळ्या शिशाच्या असतात. बरीच वर्षं गोळ्या झाडल्या की बटमध्ये बरंच शिसं साठतं.

हे शिसं दोन महिन्यांपासून कुणीतरी खणून नेत होतं. शिशाचं काही विशेष नाही. पण खणलं की माती ढासळते, खालचा दगड उघडा पडतो, आणि दगडावर लागलेली गोळी कुठे उडेल ते कुणी सांगू शकत नाही. आम्ही दर आठवड्याला खड्डे बुजवत होतो आणि चोराच्या नावाने बोटं मोडत होतो.

त्या दिवशी मी सव्वासहालाच पोचले. मुलं सातला यायची. माझी रायफल दुरुस्तीहून आली होती आणि तिचं झीरोइंग राहिलं होतं. झीरोइंग म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का हे चार-पाच गोळ्या झाडून बघायचं आणि साइटचे स्क्रू तसे फिरवायचे. पाच मिनिटांचं काम.

फायरिंग सुरू करण्याआधी दोन गोष्टी करायच्या असतात. लाल झेंडा चढवायचा आणि तीन लांब शिट्ट्या द्यायच्या. झेंडा आमचा वॉचमन शिवाजी चढवतो. तो भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. झेंड्याची दोरी कप्पीत अडकते, ती सोडवायला स्टूल लागतं, स्टूल ऑफिसात, ऑफिसला कुलूप. पाच गोळ्यांसाठी कशाला, असं मी मनाशी म्हटलं. शिट्ट्या मात्र दिल्या, तीन, चांगल्या लांब. वीस वर्षं मुलींना परेड शिकवणाऱ्या बाईची शिट्टी होती ती. पुढच्या गावापर्यंत गेली असेल असं मला वाटलं. समोर काही हललं नाही. मग मी आडवी झाले, आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

बोल्ट मागे ओढून मी काडतूस काढलं. ते बोटांतून निसटलं आणि चटईवरून घरंगळत गेलं. मी ते शोधून खिशात घातलं. माझी गोळी टार्गेटच्या उंचीवरून जाते, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून. पण माणूस काही दिवसभर बसून राहत नाही. कंबर आखडली की उभा राहतो.

त्यानंतर मला राग आला. शिट्टी ऐकूनही हा तिथेच बसला, म्हणजे किती निर्ढावलेला असेल. मी क्लबच्या सेक्रेटरींना फोन लावला. यांना तुम्ही भेटला आहात. तुम्हाला द्राक्षांची पेटी देणारे, मोठ्याने बोलणारे बिल्डर काका.

"साहेब, बटवर माणूस आहे. शिसं काढतोय."

"सापडला का शेवटी. तुम्ही कुठे?"

"फायरिंग पॉइंटला."

"रायफल आहे ना जवळ?"

"आहे."

"मग झालं. घ्या हातात आणि व्हा पुढे. बघूनच जागेवर बसेल तो."

"भरून नेऊ?"

"भरायची कशाला? त्याला थोडंच दिसतंय आत काय आहे ते."

"म्हणजे मी मारीन असं त्याला वाटायला हवं."

"हां. बरोबर."

"आणि तसं वाटून तोच आधी अंगावर आला तर? रिकामी रायफल घेऊन मी काय करू?"

"मॅडम, तुम्ही फार विचार करता. थांबा तिथेच. मी निघालो. माझं घेऊनच येतो."

त्यांचं म्हणजे त्यांचं रिव्हॉल्व्हर. त्याचाही परवाना आहे. ते नेहमी भरलेलं असतं आणि साहेब नेहमी घाईत असतात. त्यांचं घर क्लबपासून वीस मिनिटांवर आहे. ते चालवतात तशी गाडी चालवली तर बारा.

आता मला ठरवायचं होतं. तुम्ही विचारलंत ते खरं इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

काहीच करायचं नाही, शेडमध्ये बसून राहायचं, हे सगळ्यात सोपं होतं. साहेब भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन येणार नसते तर मी तेच केलं असतं. रायफल घेऊन जाणंही सोपं होतं. पन्नास मीटर चालायचं. माझ्या रायफलचा परवाना खेळासाठी आहे. कुणाला धाक दाखवायला ती बाहेर काढली तर परवाना जातो, आणि जायलाच हवा. आणि साध्या चोरीसाठी कुणाचा जीव घ्यायची मुभा आपल्याकडे कायदा देत नाही. पण खरं सांगते, त्या क्षणी मला कायदा आठवला नाही. मला एवढंच दिसलं की रायफल नेली तर त्या माणसाशी बोलायचा दुसरा कुठलाच मार्ग शिल्लक राहणार नाही. पळाला तर मी काय करणार होते? नाही पळाला तर काय करणार होते?

रायफल शेडमध्ये टाकून जाणंही शक्य नव्हतं. शस्त्र एक सेकंदही वाऱ्यावर सोडायचं नाही, हे मी रोज मुलांना बजावते. म्हणून मी ते काम नेहमीच्या क्रमाने केलं. बोल्ट काढला. चेंबरला डोळा लावून, आत करंगळी घालून रिकामं आहे याची खात्री केली. चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून नारिंगी पट्टी घातली. रायफल केसमध्ये, केसला कुलूप, केस गाडीच्या डिकीत. काडतुसांचा डबा वेगळा, पुढच्या सीटखाली. सगळ्याला चार मिनिटं लागली. चारही मिनिटं मी मनात म्हणत होते, बाबा, आता तरी पळून जा.

तो गेला नाही. मी रेंजच्या पूर्वेकडच्या कडेने चालत गेले. अर्ध्या वाटेवर शिट्टी दिली. काही नाही. जवळ गेल्यावर हाक मारली, "अहो दादा." काही नाही. भिंतीपलीकडे एक माणूस पाठमोरा उकिडवा बसला होता. पन्नाशीचा असेल. डोक्याला पंचा, शेजारी घमेलं, त्यात मूठ-दोन मूठ शिसं. तो अगदी निवांत माती चाळत होता. मी आठ-दहा फुटांवर होते. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं आणि माझी सावली त्याच्या चाळणीवर पडली.

तो गर्रकन वळला. वळताना त्याच्या हातात पहार होती, खांद्याच्या वर उचललेली.

मी दोन्ही हात उघडे पुढे धरले. दुसरं काही सुचलं नाही. त्याने माझ्या हातांकडे बघितलं, टोपीकडे, पांढऱ्या केसांकडे, गळ्यातल्या शिट्टीकडे. मग पहार खाली टेकवली. घाबरलेला दिसत होता. मीही तशीच दिसत असणार.

"ऐकू येत नाय, बाई," तो मोठ्याने म्हणाला आणि कानाला हात लावला. "हिरीच्या कामात सुरुंग उडवायचो. दोन्ही कान गेले."

नाशिकच्या बाजूला काळा दगड फोडून विहिरी खणतात, त्याला सुरुंग लावावा लागतो. मी शिट्टी उचलून त्याला दाखवली, मग शेडकडे बोट केलं, मग नेम धरल्याची खूण केली. त्याला लगेच समजलं. त्याचा चेहरा उतरला.

"पण झेंडा नव्हता," तो म्हणाला. "मी रोज बघतो. झेंडा असला तर मी बांधाकडं फिरकत नाय. आज लय बघितलं मी. झेंडा नव्हताच."

दोन महिने तो माणूस आमच्या झेंड्यावर विश्वास ठेवून चोरी करत होता. चोर नियमाने वागत होता. कोच वागली नव्हती.

शिशाचं काय करता, असं मी हाताने विचारलं. त्याने जाळं फेकल्याची खूण केली. "फेकजाळ्याला. कडेला शिसं नसंल तर जाळं बुडत नाय. गंगापूर धरणावर मासं धरतो. इकत घ्याया परवडत नाय, बाई."

तेवढ्यात गेटशी ब्रेक करकचले. साहेब उतरले आणि रेंजच्या मधोमध चालत आले, उजवा हात कमरेला. मी त्यांच्या आणि त्या माणसाच्या मध्ये उभी राहिले. धीटपणा नव्हता तो. पाय दुसरीकडे हललेच नाहीत.

"बाजूला व्हा, मॅडम."

"साहेब, आधी ते कमरेचं गाडीत ठेवून या."

"मी? चोर तो आहे ना?"

"तो आहे. पण झेंडा वर नाही. झेंडा नसताना रेंजवर शस्त्र बाहेर काढायचं नाही, हा तुमच्याच सहीचा बोर्ड आहे."

"आज मला बोर्ड शिकवताय?"

"आज सकाळी मी तोच मोडला. रायफल भरून बसले होते, झेंडा न लावता. हा समोर बसलेला होता."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग टार्गेटकडे, मग त्या माणसाकडे. ते वळले, गाडीपर्यंत गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचे हात मोकळे होते.

आम्ही तिघे शेडमध्ये बसलो. माझ्या थर्मासातला चहा झाकणात आणि दोन पेल्यांत ओतला. त्या माणसाने पेला घेण्याआधी हात धुतले नव्हते. मी त्याला उठवून नळावर नेलं, कारण शिसं पोटात गेलं की विष असतं. दोन महिने तो त्याच हाताने भाकरी खात होता. साबण लावून दोनदा धुवायला लावले. तो माझ्याकडे असा बघत होता की पोलीस परवडले असते.

साहेबांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तो वळला तेव्हा पहार हातात होती?"

"उगारलेली होती."

"आणि तुम्ही ओरडला असता 'हात वर', तर..."

"ऐकूच गेलं नसतं."

"माझ्या हातात ते असतं ना, मॅडम..." त्यांनी चहा संपवला आणि स्वतःच ऑफिस उघडून, स्टूल आणून कप्पीतली दोरी सोडवायला लागले. अंग घामाने भिजलं होतं, पण जीव भांड्यात पडल्यासारखे हसत होते. मीही हसत होते. सातला मुलं आली तेव्हा दोन म्हातारी माणसं आणि एक अनोळखी गृहस्थ कशाला हसतायत ते त्यांना कळेना.

पोलीस कम्प्लेंट केली नाही. रेंजच्या रजिस्टरमध्ये मात्र मी सगळं लिहिलं, माझ्या चुकीसकट. साहेब म्हणाले, "कशाला? झालं तर काहीच नाही." मी म्हटलं, "झालं असतं तर लिहायला मी इथे नसते, तुरुंगात असते, म्हणून आत्ताच लिहिते." कमिटीने मला एक महिना रेंज ऑफिसरच्या, म्हणजे फायरिंगवर देखरेख करण्याच्या, कामातून बाजूला केलं. बरोबर केलं. झेंड्याची कप्पी बदलली. झेंड्याच्या जोडीला लाल दिवा बसवला. बटमधलं शिसं तसंही अधूनमधून काढावंच लागतं. आता सोमवारी रेंज बंद असते तेव्हा तो माणूस शिवाजीच्या देखत, हातमोजे घालून, माती नीट चाळून परत थापून देतो आणि शिसं घेऊन जातो. एकदा तो माझ्यासाठी पिशवीभर मासे घेऊन आला. मी मासे खात नाही हे खुणांनी समजावता आलं नाही. ते शिवाजीच्या घरी गेले.

शिकवण्यात मी एक बदल केला. पूर्वी पहिल्या आठवड्यात नेम शिकवत असे. आता पहिला आठवडाभर फक्त रायफल रिकामी करायची, तपासायची, केसमध्ये ठेवायची, कुलूप लावायचं. न चुकता, न घाबरता, चार मिनिटांत. मुलं कंटाळतात. परवा एक आई तणतणत आली.

"मॅडम, आठ दिवस झाले. आमच्या पोरीने अजून एक गोळी झाडली नाही."

"हो," मी म्हटलं. "छान चाललंय तिचं."