कोचचे लाल कान

मी हसलो म्हणून एका माणसाची नोकरी गेली. हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

कर्जतला आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचे कोच कशेळ्याहून एस्टीने यायचे. आमच्यातला कुणी चढाईला गेला की तेही रेषेबाहेर उभे राहून दम धरायचे. गाल फुगायचे, कान लालभडक व्हायचे. ती गंमत बघायला मी मुद्दाम चढाई लांबवायचो. परत आलो की धापा टाकत विचारायचे, "मारतोस काय रं मला?"

फायनल जिंकली तर त्यांना कायम करणार होते. शेवटची चढाई माझी होती. गडी टिपून मी परत फिरलो. रेषा हातभर राहिली असताना सवयीने त्यांच्या कानांकडे बघितलं आणि मला हसू फुटलं. दम सुटला, पंचांनी बाद दिलं, आम्ही हरलो.

प्राचार्यांना ते म्हणाले, "पोराची चूक नाय, सर. मीच कमी पडलो." मी शेजारीच होतो. गप्प राहिलो.

स्टँडवर त्यांना सोडायला गेलो, तेव्हाही तोंड उघडेना. एस्टी सुटली तसे ते खिडकीतून ओरडले, "आता सोड रं दम! कान बघ, कसे लाल झालेत तुझे!"