चौकापलीकडच्या खोल्या

न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या भागातलं ते घर ‘फ्रेंच’ म्हणून विकलं गेलं, आणि माझी चिडचिड तिथूनच सुरू झाली. ते बांधलं तेव्हा त्या शहरावरचं फ्रेंचांचं राज्य कधीच संपलं होतं. मालक फ्रेंच बोलायचा, एवढंच. घर देखणं होतं, हे मात्र मी नाकारणार नाही. रस्त्यालगत खाली दुकान, बाजूला घोडागाडी आत जाईल एवढी कमान, वर उंच छताचा दिवाणखाना आणि बिडाच्या नक्षीची गॅलरी. कमानीतून आत गेलं की फरसबंद चौक. चौकापलीकडे तीन मजली, जेमतेम एका खोलीच्या रुंदीची इमारत. तिच्या मागच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. सगळी दारं चौकाकडे, म्हणजे मालकाच्या नजरेसमोर. खाली स्वयंपाकघर, वर गुलामांच्या खोल्या.

२००४ साली मी तिथल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होते. टेक्सासमधल्या प्लेनोच्या एका मराठी जोडप्याने, म्हणजे काका-काकूंनी, हे घर गेस्टहाउससाठी घेतलं आणि ‘आपली मुलगी आहे’ म्हणून काम माझ्याकडे आलं. मी मोजमापं घेतली, नकाशा काढला आणि चौकापलीकडच्या खोल्यांवर त्या ज्या होत्या तेच लिहिलं: ‘स्लेव्ह क्वार्टर्स’.

काका भडकले. “अगं, हे काय लिहिलंयस? गेस्ट बुकिंग कॅन्सल करतील! सर्व्हंट्स रूम्स लिही की.”

“काका, नोकर पगार घेतो. पटलं नाही तर सोडून जातो. ही माणसं विकत आणलेली होती.”

“आमच्या गावच्या घरीसुद्धा मागे गड्यांच्या खोल्या होत्या,” काकू म्हणाल्या. “त्यात एवढं काय?”

त्यात एवढं काय! माझं डोकंच फिरलं. मी शब्द बदलला नाही. काकांनी सरळ माझ्या बॉसला फोन केला आणि त्याने पुढच्या प्रिंटवर ‘गेस्ट विंग’ छापून टाकलं. माझा व्हिसा त्याच्याच ऑफिसातल्या नोकरीवर होता, त्यामुळे मला विचारायची तसदीही त्याने घेतली नाही. मग त्या खोल्यांत डबल बेड आले, झालरीचे पडदे आले. मला ते पडदे ओढून फाडावेसे वाटायचे.

काम संपल्यावर वास्तुशांत ठेवली. ह्यूस्टनहून गुरुजी आले, प्लेनोहून चार-पाच कुटुंबं ड्राइव्ह करून आली. मीही गेले, नसते गेले तर बॉसला परत फोन गेला असता. स्मोक अलार्म काढून दिवाणखान्यात होम झाला. मग गुरुजी पंचगव्याची वाटी घेऊन घरभर शिंपडायला उठले.

काकू लगबगीने पुढे झाल्या. “गुरुजी, इथे थोडंसंच. मागच्या खोल्यांत मात्र नीट शिंपडा हं. तिथे कोण कोण राहिलंय! सगळं शुद्ध करून घ्या.”

इतके महिने गिळलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. “काकू, तिथे कशाला? ज्यांना डांबून ठेवलं त्यांचा विटाळ होतो का? इथे शिंपडा. माणसं विकत घेणारे इथे बसायचे.”

गुरुजी काकांकडे बघत राहिले. काकांनी मानेनेच चौकाकडे खूण केली, आणि गुरुजी वाटी घेऊन जिना उतरले.